जमेरिअसचा निबंध

"दार उघडंच असू द्या," लोरेटा म्हणाली.

कोच थिगपेननं दारावरचा हात काढला. चौकटीतून जरा तिरका होऊनच तो आत आला आणि उकडलेल्या शेंगांची पुडी त्यानं टेबलावर ठेवली. पुडी अजून गरम होती. कागदाला पाणी सुटलं होतं.

"हायवेवरच्या म्हाताऱ्याकडच्या आहेत. बऱ्या असतात."

"मी कुणाकडून काही घेत नाही," असं म्हणून लोरेटानं पुडी पेन्सिलीच्या टोकानं परत त्याच्याकडे सरकवली.

सकाळपासून क्रीडा विभागातून तिला दोन फोन येऊन गेले होते. दोन्ही वेळा आवाज लोण्यासारखा. "जरा समजून घ्या, डॉक्टर गिल्यर्ड." शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा होता आणि त्याच दुपारी अमेरिकन फुटबॉलचा वर्षातला मोठा सामना. चेंडू घेऊन पळण्यात कॉलेजच्या संघातल्या जमेरिअसचा हात धरणारं पोरगं अख्ख्या मिसिसिपीत नव्हतं. पण तो इंग्रजीत नापास झाला, तर नियमानं त्याला मैदानात उतरता येणार नव्हतं. फोननं काम होईना म्हणून आता कोचला पाठवलंय, हे लोरेटानं तो जिना चढत असतानाच ओळखलं होतं. तिनं मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि त्यावर दोन कागद टाकले.

सत्तावीस वर्षं ती या कॉलेजात इंग्रजी शिकवत होती. एवढ्या वर्षांत आपण कुणाचा अर्धा गुणसुद्धा उगाच वाढवला नाही, असं ती नव्या प्राध्यापकांना ऐकवत असे.

थिगपेन खुर्चीत मावेना. नऊ वर्षं व्यावसायिक संघातून खेळलेला माणूस. मग बारा वर्षं या कॉलेजातून त्या कॉलेजात दुय्यम प्रशिक्षक म्हणून फिरला, आणि दोन वर्षांपूर्वी मुख्य प्रशिक्षक होऊन आपल्या जुन्या कॉलेजात परत आला. व्यायामशाळेत त्याचा तरुणपणीचा फोटो अजून लावलेला होता. यंदा संघ चार सामने हरला होता. शनिवारी पाचवा हरला, तर थिगपेनला चंबूगबाळं आवरावं लागणार, असं न्हाव्याच्या दुकानापासून चर्चपर्यंत सगळे बोलत होते.

"जमेरिअसच्या निबंधाला गुण दिलेत का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"बरं झालं."

लोरेटानं निबंधावर पंजा ठेवला. पाच पानं, एकही चूक नाही. वर्गात एक धड वाक्य न लिहिणाऱ्या पोराचा हा निबंध. दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलाय, हे उघड होतं. आता हा पुरावा गायब करायचा असणार.

"तो परत द्या मला," थिगपेन म्हणाला.

"कशासाठी?"

"त्याचा नाही तो. शिकवणीसाठी मी एक माणूस नेमला होता, त्यानं लिहून दिलाय. त्याला काल काढला." त्यानं कागदांकडे बोट केलं. "त्यांच्याखाली फोन चालू असेल तर असू द्या. हे ऐकलं तरी चालेल कुणी. पोराला नापास करा, मॅडम."

लोरेटानं फोनवरचे कागद सरळ केले. यातही काहीतरी काळंबेरं असणार. नापास करायचं, मग वरून दबाव आणायचा, आणि खडूस बाई म्हणून आपलं नाव पुढे करायचं.

"आणि शनिवारी?"

"बसेल बाकावर. मीच सांगितलंय त्याला."

"तुमची नोकरी जाईल, कोच."

"जाईल बहुतेक. बायकोनं खोकी आणून ठेवलीत."

"यातून तुम्हाला मिळणार काय, ते सांगा सरळ."

थिगपेननं गुडघा चोळला. "काल मी त्याला ऑफिसात बसवलं आणि म्हटलं, तुझा निबंध मोठ्यानं वाच. दुसऱ्याच ओळीत अडकला. पुढे वाचताच येईना. मग रडायला लागला. एवढा दांडगा पोरगा."

"तुम्हाला संशय कसा आला?"

"तो हसत होता. कागद हातात दिला की आधी हसायचं, मग चष्मा विसरलो म्हणायचं. मी चौदा वर्षं तेच केलं. डावपेच सगळे चित्रांत असतात, तिथे निभतं. बत्तिसाव्या वर्षी बायकोनं स्वयंपाकघरात बसवून शिकवलं, तेव्हा कुठे वाचायला लागलो."

लोरेटाचा पंजा निबंधावरून बाजूला झाला. "पण तुम्ही तर इथले पदवीधर."

"हो. चार वर्षं. एकदाही नापास नाही."

तिच्या कानशिलांवर ऊन चढल्यासारखं झालं. आपल्याच विभागात, आपल्याच गॅलरीतल्या कुठल्यातरी खोलीत हे घडलं होतं. एका माणसाला निरक्षर ठेवून कुणीतरी वर ढकलत नेलं होतं. ती पेन्सिल उचलून ताठ बसली.

"कुणी पास केलं तुम्हाला? नाव सांगा. अजून नोकरीत असेल तर मी सोडायची नाही."

 थिगपेन खुर्चीच्या हातांना धरून सावकाश उठला.

"पहिल्याच वर्षी, मॅडम, माझ्या निबंधावर तुम्ही लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं होतंत," तो म्हणाला. "मला ते वाचता आलं नव्हतं."