मैत्रीचा फोटो

“माझा फोटो टाकू नकोस गं. सध्या तुमच्या देशाचं नाव काढलं तरी इथले लोक खवळतात,” शेजारीण नाद्या म्हणाली होती. तिथल्या भारतीय दूतावासात प्रसिद्धीचं काम करणाऱ्या मृण्मयीने ते हसण्यावारी नेलं.

दूतावासाच्या फेसबुक पानावर फोटो टाकलाच: नाद्याच्या कडेवर मृण्मयीचं बाळ, दोघांच्या गालांना श्रीखंड. साहेब खूश. “वा! रुसलेल्या मित्रदेशाला असंच हसवायचं!”

आठवड्याभरात नाद्याच्या दारावर कुणीतरी डांबराने ‘फितूर’ लिहिलं. मृण्मयी रॉकेल आणि फडकं घेऊन धावली. नाद्या दाराआडूनच म्हणाली, “तू पुसू नकोस. कुणी बघेल.”

मृण्मयी मायदेशी परतली. नाद्या फोन उचलत नाही. तिकडे निघालेल्या प्रत्येकाला मृण्मयी खालमानेने विनवते, तुम्हालाही विनवतेय: “एकदा तिचं दार वाजवून बघाल? माझं नाव मात्र सांगू नका.”