दहापैकी दहा

"बाबा, हरलात तर उद्यापासून खुर्ची माझी," लेक म्हणाली.

"इकडे बघून बोल गं. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?"

तिने वळून पुन्हा सांगितलं. म्हातारा हसला. चाळीस वर्षं तो या स्टुडिओत ध्वनिमुद्रक होता. ती खुर्ची सोडून घरी करायचं काय? पण गेल्या आठवड्यात एका गाण्यात पंख्याची घरघर तशीच राहिली, आणि तेव्हापासून लेक त्याचं प्रत्येक काम पुन्हा एकदा ऐकून बघायची.

पैज त्यानेच लावली. "कॉम्प्युटर म्हणजे आधी आवाजाचे आकडे करायचे, आकड्यांचा परत आवाज करायचा! त्या ने-आणीत काहीतरी सांडणारच. टेप कोणती नि आकडे कोणते, मला तर चटकन कळतं."

"बघू या की."

व्हायोलिनची एकच धून. एक मूळ टेपवर, दुसरी त्याच टेपवरून कॉम्प्युटरमध्ये उतरवलेली. दोन्ही यंत्रं एकाच लाकडी टेबलावर, वरून चादर. टेपचं यंत्र इतकं जुनं की फिरायला लागलं की बशीतले कप थरथरायचे. म्हणून त्या टेबलावर चहा ठेवायचा नाही, हा म्हाताऱ्याचाच नियम.

"मी हात वर केला की धून सुरू," लेक म्हणाली. तिचा डावा हात स्वेटरच्या खिशात होता. उजवा वर गेला.

म्हाताऱ्याने दोन्ही तळवे टेबलावर टेकले आणि डोळे मिटले.

"टेप."

तिने कागदावर खूण केली. त्याने डोळे उघडल्यावर पुन्हा हात वर.

"आकडे." मग पुन्हा, "आकडेच. फसवतेस होय गं मला?"

पाचव्या फेरीनंतर तिने त्याच्याकडे बघणं सोडलं. आठवीला पेन्सिल हातातून निसटली, ती तिने उचलली नाही.

"टेप! झाल्या दहा. किती बरोबर?"

"दहाच्या दहा."

"बघ! आहे की नाही अजून कान शाबूत?" म्हाताऱ्याने खुर्चीचा हात थोपटला. मग तिचे डोळे त्याला दिसले. "अगं वेडे, रडतेस काय? हरलीस म्हणून? पुढेमागे सगळं तुलाच द्यायचंय की."

ती त्याच्यासमोर येऊन बसली. खिशातला हात बाहेर काढला, आणि पहिल्या फेरीच्या आधीच काढून घेतलेल्या स्पीकरच्या दोन्ही वायरी तिने हलकेच त्याच्या तळव्यांमध्ये ठेवल्या.