राघू न्हाल्याशिवाय

या, असे जवळ सरका. एका राघूच्या अंघोळीपायी ऑपरेशन कसं खोळंबलं, तेवढं ऐका.

दहा वाजता सासूला आत न्यायचं होतं. घरोघरच्या कपड्यांना इस्त्री करणारी बाई, चार दिवस हॉस्पिटलच्या खाटेवर नुसती पडून कंटाळलेली. साडेनऊला तिनं सुनेला फोन लावला आणि पहिलंच विचारलं, राघू न्हाला का? चार दिवस सून हो म्हणत आली होती. आज तिच्या तोंडून हो निघेना. राघू न्हाला नव्हता, आणि आता छातीची पिसं एकेक करून उपटायला लागला होता.

मग सगळंच बाहेर आलं. परातीत पाणी दिलं, त्यानं परात उलटी केली. बाटलीनं फवारा मारला, तर बोटाला चावला. नळाखाली धरला, तर किंचाळून घर डोक्यावर घेतलं.

"आई, तुम्ही त्याला अंघोळ घालता तरी कशी?"

"मी कुठं घालते? मी कपड्यांवर पाणी मारते, तो मध्ये येतो."

तिकडे नर्स न्यायला आली. सासूनं तिला बजावलं, राघू न्हाल्याशिवाय मी काही हलायची नाही, डॉक्टरांना म्हणावं तोवर चहा घ्या. सुनेला सांगितलं, फोन चालू ठेव, इस्त्री थंडच असू दे, आणि त्याच्याकडे बघू नकोस. बघितलं की भाव खातो.

सुनेनं खिडक्या लावल्या, पिंजरा उघडला, टेबलावर सदरा पसरला. वाटीत बोटं बुडवून शिंतोडे मारले. राघू जागचा हलला नाही. दुसरा सदरा घेतला. हात घाईनं चालत होता, निम्मं पाणी जमिनीवर.

"वाघ मागं लागलाय का तुझ्या? कपडा भिजू दे की," फोनमधून आवाज आला.

तिनं श्वास घेतला. तिसरा सदरा. चौथा. नर्स दहा वाजून गेल्याचं पुन्हापुन्हा सांगत होती, ते इकडेही ऐकू येत होतं. मग सुनेनं चादर अंथरली, आणि टेबलाच्या कडेवर नखं वाजली.

देवानं ज्याला पंख दिले, त्याची न्हायची रीतही त्याच्याच अंगी ठेवली. माणसानं आपलं काम करत राहावं.

"आला का गं?"

सून बोलली नाही. बोलली असती तर तो उडाला असता. बोटांतून थेंब पडत राहिले, आणि ओले पंख चादरीवर फडफडू लागले.

पलीकडे सासूला ती फडफड ऐकू गेली. मग नर्सला म्हणाली, "चला बाई. चादर परत धुवावी लागणार."

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या सासूची आठवण ठेवा. ऑपरेशनचं दार अजून उघडलेलं नाही, आणि सून अजून पाणी शिंपडतेच आहे.