चुका संपल्या

"सर, इथून शिकून कंपनीत लागलेली एक तरी मुलगी दाखवा ना!"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून शलाकाने वेल्डिंगच्या वर्गात विचारून टाकलं. आज ती जाम खुशीत होती. तिचा सांधा पहिल्यांदाच बिनचूक जमला होता. फक्त तो जमताच तिच्या मनगटावरचा कंपनीचा सेन्सर का विझला, ते तिला कळत नव्हतं.

तायडे सर सेन्सरचा पट्टा सोडवत म्हणाले, "बाळा, वेल्डिंगला कंपनीकडे रोबो आहेत. माणसं कशी चुकतात ते बघून ते शिकतात. त्यासाठीच तर कंपनीने आपल्या आयटीआयशी करार केलाय. तुझ्या चुका संपल्या, तुझं ट्रेनिंग संपलं."

मागे खिदळणाऱ्या मुली आपापल्या मनगटावरचे सेन्सर बघू लागल्या.

"मग मुद्दाम चुकते की, सर!" शलाका म्हणाली.

"मुद्दाम केलेलं त्यांना लगेच कळतं गं."

सांधा जमल्याचं तिने दुपारीच फोनवर सांगितलं होतं, त्यामुळे घरी आईने पेढे आणून ठेवले होते. बाबांनी विचारलं, "मग, कंपनीत कधीपासून?"

शलाकाने एक पेढा तोंडात टाकला आणि खूप हसून दाखवलं.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या प्लंबिंगला नाव घालते. त्यातलं मला अजून काहीच येत नाही."