अस्सल नको

"एवढं मऊ?" नवरदेवांच्या शेरवान्यांसाठी आलेल्या ताग्यावर हात ठेवताच मेहरूनआपांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुसलमान पुरुषांना रेशीम वर्ज्य, म्हणून त्यांनी नकली रेशीम मागवलं होतं. जुना व्यापारी धंद्यातून उठला होता आणि येवल्याचा नवा गडी जरा जास्तच गोड हसत होता.

आपांनी एक धागा ओढून काडी लावली. कारखानाभर केस जळल्याचा वास पसरला.

"बघा, शंभर नंबरी अस्सल!" तो खुलला. "पहिलीच ऑर्डर, म्हटलं आपांना खूश करावं. भाव नकलीचाच!"

"अहो भाऊ, हे शिवलं असतं तर एकही नवरदेव माझी पायरी चढला नसता!"

त्याचा चेहरा पडला. "लोक नकली दिलं म्हणून भांडतात हो, आपा."

आपांचा राग निवळला. "हे नवरीबाईंच्या ओढण्यांना होईल; बायकांना रेशीम चालतं. मला नकली आणा, तेही खात्रीचं."

दुसऱ्या दिवशी त्याने नवा तागा आणला आणि काडीही स्वतःच ओढली. धाग्याची वितळून काळी गोळी झाली, प्लॅस्टिकचा वास सुटला, तेव्हा कुठे दोघांच्या जिवात जीव आला.