कुकरची वायर

“तुम्ही दोघं आत बसून बोला,” म्हणत मोठ्यांनी आम्हाला मंदारच्या खोलीत पिटाळलं. मी त्याचं घर बघायला आले होते. काय बोलावं सुचेना, म्हणून मी त्याच्या कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि बोटांना झिणझिण्या आल्या.

“तो झिणझिणतोच,” मंदार म्हणाला. “जुनी वायर जळाली. आता भाताच्या कुकरची लावलीय. फिट बसते.”

“दोनच पिना? म्हणजे अर्थिंगच नाही. चला, आत्ता नवी आणू.”

चपला हातात घेऊन आम्ही मागच्या दाराने सटकलो. दुकानात त्याने सर्वांत बारीक वायर उचलली. मी ती परत ठेवली आणि जाड, तीन पिनांची, आयएसआयची खूण असलेली घेतली. कॉम्प्युटरला लागतात तेवढे अँपिअर आहेत ना, तेही त्याच्याकडून वाचून घेतलं.

घरी येऊन वायर लावली आणि दोघांनी एकदमच हात ठेवला. काहीच झालं नाही. आम्हाला मात्र हसू आवरेना.

“आमच्या मिक्सरची वायर पण बघता?” त्याने विचारलं.

“ती लग्नानंतर बघू,” मी बोलून गेले.

दाराबाहेर बांगड्या किणकिणल्या. “अहो,” त्याची आई म्हणाली, “पेढे आणा.”