कडक पत्र

राज्याच्या नियोजन खात्यातले साहेब तावातावाने मजकूर सांगत होते आणि टायपिस्ट बाई तो जमेल तितका सभ्य करत होत्या. "तीन जिल्ह्यांचा रेल्वेमार्ग तुमच्या एका होकारासाठी अडलाय. केंद्रात बसून तुम्हाला इथलं काय कप्पाळ दिसणार?" पत्र तयार झालं. साहेबांनी नेहमीसारखी न वाचताच सही ठोकली.

महिन्याभरात साहेबांचीच बदली केंद्राच्या नियोजन खात्यात झाली. बाई मनात म्हणाल्या, चला, आता काम फत्ते.

तीन वर्षांनी साहेब जुन्या खुर्चीत परत आले आणि त्यांच्या मागोमाग केंद्राचं उत्तरही आलं. रेल्वेमार्ग नामंजूर. राज्यांनी स्वतःच्या नाकापलीकडे बघायला शिकावं.

साहेब भडकले. "कोण हा दीडशहाणा?"

बाईंनी खालच्या सहीवर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं. सही त्यांचीच होती.

बाई टेबलावरची टाचणी उगाच इकडची तिकडे करत राहिल्या.

"नवं पत्र घ्या," साहेब शेवटी म्हणाले. "आणि या खेपेला चांगलं कडक लिहा. मी ओळखतो या माणसाला. साधं सांगून ऐकणाऱ्यातला नाही तो."